दोनशे अठराची जोडी

एका चांगल्या आकड्याला जुंपून त्याच्याकडून खोटं ओढून घेतलं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. माणूस खोटं बोलला तर एक वेळ समजू शकते मी. माणसाला पोट आहे, नोकरी आहे, वर बसलेला साहेब आहे. आकड्याला यातलं काय आहे हो? तो बिचारा आहे तिथं आहे. त्याला कशाला ओढायचं बाजारात?

पण थांबा, आधी आकडा सांगते, मग राग सांगते. उलटं केलं तर तुम्ही म्हणाल, बुढी उगाच तापली.

कोणताही तीन आकडी आकडा मनात धरा. मी दोनशे अठरा धरते, का ते पुढं येईलच. आता त्याच्याच शेजारी तोच आकडा पुन्हा लिहा. २१८२१८. झाला दोन लाख अठरा हजार दोनशे अठरा. याला सातानं भागा. बाकी उरत नाही, उत्तर येतं ३११७४. त्याला अकरानं भागा. पुन्हा बाकी नाही, २८३४. त्याला तेरानं भागा. आला ना दोनशे अठरा परत? पूर्ण, कुठं काही न सांडता. आता तुमचा आकडा घेऊन करून पाहा. मी वाट पाहते.

हे मला कोणी शिकवलं नाही. माहेरी ओसरीवर भाऊ पाढे म्हणायचे, पावकी, निमकी, औटकी, सगळं घोकायचे, आणि मी आत तुरीच्या शेंगा सोलता सोलता त्यांच्या आधी पाठ करून मोकळी व्हायची. शाळा माझी चौथीत सुटली, पण पाढे कोण सोडवणार? त्यांचं मला वेडच होतं. न्हाणीच्या मागच्या भिंतीवर कोळशानं हिशेब करत बसायची. एकदा सात अकरा सत्त्याहत्तर झाले, पुढं सत्त्याहत्तर तेरा किती ते कोणत्याच पाढ्यात सापडेना, म्हणून भिंतीवर मांडलं. आले एक हजार एक. इतका देखणा आकडा! दोन्ही टोकांना एक एक खांब आणि मधे मोकळं आंगण. मी बघतच राहिले.

मग सुचलं, की एक हजार एकानं गुणणं म्हणजे काय? हजार पट घ्यायची आणि वर एक पट ठेवायची. दोनशे अठरा हजार, वर दोनशे अठरा. म्हणजे आकडा शेजारी शेजारी दोनदा लिहिला की तो आपोआपच एक हजार एकानं गुणला गेला. आणि एक हजार एक म्हणजे सात, अकरा, तेरा. भागताना आपण काही मोठं करत नाही. पोळ्याला बैलावर झूल घालतो ना, तशी आपणच घातलेली झूल आपणच काढून घेतो. खाली बैल होता तोच.

बैल म्हटलं ते उगाच नाही. तो आकडा मला जोडीसारखा दिसायचा. एका रंगाचे, एका उंचीचे दोन बैल एका जुवाखाली उभे. मी त्याला जोडीचा आकडा म्हणायची.

लग्न होऊन या गावात आले, दोन-चार वर्षांनी धाकटी जाऊ आली. तिला अक्षर येत नव्हतं, पण भागाकार ती बोटांवर करी. कापूस वेचताना दुपारी बाभळीखाली भाकरी सोडली की ती म्हणायची, "बाई, जोडी लावा ना." मग ती आकडा सांगणार, मी तुराटीच्या काडीनं मातीत दोनदा लिहिणार, आणि दोघी मिळून भागत बसणार. आकडा परत आला की तिचं ते हसू! दर वेळी येणारच हे माहीत असून दर वेळी हसायची. घरं वेगळी झाली, वाटण्या झाल्या, आमच्या दोघींच्या मधे एक भिंत तेवढी आली. हसणं राहिलं होतं.

दीर लवकर गेले. जावेनं एका मुलाला वाढवलं, वावर सांभाळलं. वाटणीत तिला काळी जमीन थोडी आली, आणि टेकडीच्या उताराला एक बरड पट्टा आला. बरड म्हणजे मुरमाड, हात घातला की खडे लागतात, पाणी धरतच नाही. त्या पट्ट्याचा गट नंबर दोनशे अठरा. तिथं ती दर वर्षी जवारी पेरायची. दाणे यथातथाच यायचे, पण कडबा यायचा. त्या कडब्यावर तिची बैलजोडी वर्षभर जगायची. एकाच गाईचे दोन गोऱ्हे, ढवळे, तिनं हातानं चारून मोठे केलेले. बैल होते म्हणून बाई माणूस असून तिला पेरणीला कोणाचं दार वाजवावं लागत नव्हतं. हे नीट ध्यानात ठेवा. बरडात जवारी, जवारीचा कडबा, कडब्यावर बैल, आणि बैलांवर तिची ताठ मान. यातलं एक काढलं की पुढचं सगळं घसरतं.

तर बीटी कापूस आपल्याकडं नवा होता तेव्हाची गोष्ट. बियाण्याच्या पाकिटासाठी दुकानासमोर रांगा लागायच्या, रांगेत ढकलाढकली व्हायची. मृगाच्या आधी एक दिवस मलकापूरकडून जीप आली, एका बियाण्याच्या कंपनीची. देवळापुढं मांडव टाकला, चहा ठेवला, कर्णा लावला. जाऊ मला म्हणाली, "तुम्ही जा बाई. मी गेली तर पोरगा म्हणते, माय पाठीमागं फिरते. तुम्ही ऐका थे लोक काय सांगतात."

मी गेले. मागं बसले. शेजारी आमच्या गावचे चाचा बसले होते. सगळं गाव त्यांना चाचाच म्हणतं, जावेच्या बरडाला लागून त्यांचा पट्टा आहे, गट नंबर तीनशे पाच. पुढं माझा पुतण्या, जावेचा मुलगा, मित्रांसोबत.

कंपनीचा माणूस तरणाबांड, डोक्याला टोपी, जिभेवर साखर. अळीची चित्रं दाखवली, भरलेल्या बोंडांची चित्रं दाखवली. मग म्हणाला, "शेतकरी बंधूंनो, आता तुमचं रानच तुम्हाला सांगेल, यंदा त्यात काय पेरायचं ते." माझे कान उभे झाले. त्यानं छोटी हिशेबाची यंत्रं वाटली, कॅल्क्युलेटर. "ज्या रानात बीटी लावायचा विचार आहे, त्या रानाचा गट नंबर मनात धरा. तीन आकडी हवा. दोन आकडी असेल त्यानं पुढं शून्य लावा. आता तो दोनदा लिहा."

माझा आकडा! माझ्या न्हाणीमागच्या भिंतीवरचा, बाभळीखालचा आकडा कर्ण्यातून ओरडत होता.

"सातानं भागा... अकरानं भागा... आता तेरानं. ज्याचा नंबर जसाच्या तसा परत आला, त्याच्या रानानं होकार दिला! त्यानं चिठ्ठी घेऊन जायची. चिठ्ठी दाखवा, रांगेत उभं न राहता पाकीट घ्या."

मांडवात एकच गलका. "माह्या आला रे!" "माह्या बी!" "अबे, माह्या तर दोन्ही वावरांचा आला!" माझा पुतण्या उभा राहून यंत्र सगळ्यांना दाखवत होता. मला मागून आकडा दिसला नाही, पण त्याचं तोंड दिसलं. देव दिसल्यासारखं झालं होतं ते.

मी उठले. आयुष्यात पुरुषांच्या सभेत कधी बोलले नव्हते, पण रागानं पाय आपोआप उभे राहिले.

"मावशी, काही विचारायचंय का?" तो गोडच बोलला.

"इचाराचं नाही बाप्पा, सांगाचं हाय. हे सगळ्यायचंच येते. इथी बसलेल्या एकाचंबी चुकणार नाही. तुह्या जीपचा नंबर घे, तोबी येईन. सात, अकरा, तेरा म्हणजे एक हजार एक. तू दोनदा लिहाले लावून आधीच एक हजार एकानं गुणून घेतलं, आन् मंग भागाले सांगतलं. याच्यात वावर कुठून आलं? वावरानं कायचा होकार देल्ला?"

चाचा हळूच म्हणाले, "भाभी सही बोल रही है."

त्या माणसानं माझ्याकडं पाहिलं. मग त्यानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली!

"मावशींसाठी जोरदार टाळ्या! ऐकलंत? मावशी काय म्हणाल्या? कोणताही नंबर घ्या, एकाचंही चुकणार नाही! मला तासभर बोलून जे सांगता आलं नसतं ते मावशींनी एका वाक्यात सांगितलं. आमच्या बियाण्याचं तसंच आहे बंधूंनो. काळी असो, बरड असो, कोणतंही रान घ्या, चुकणार नाही!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. कोणीतरी ओरडलं, "काकूले बी एक टोपी द्या बे!" आणि खरंच त्या माणसानं येऊन कंपनीची टोपी माझ्या हातात ठेवली. मी ओरडत होते, "चार आकडी घेऊन दाखव! चार आकडी घे!" पण कर्णा त्याच्या हातात होता, माझ्या हातात टोपी.

चार आकडी का, ते तुम्हाला तरी सांगू द्या, तिथं कोणी ऐकलं नाही. १२३४ घ्या, दोनदा लिहा, सातानं भागा. अडकला. चार आकडी आकडा दोनदा लिहिला की तो दहा हजार एकाची पट होतो, आणि दहा हजार एकाला सात जात नाही, अकरा जात नाही, तेराही जात नाही. त्याचे भाग निराळेच, त्र्याहत्तर आणि एकशे सदतीस. ते हुडकायला मला लहानपणी एक अख्खा पावसाळा लागला होता. म्हणजे तीन आकड्यांना जे लागू आहे ते चार आकड्यांना नाही. त्या माणसाला हे चांगलं माहीत होतं, म्हणून तर "तीन आकडी हवा" असं तो बजावून बोलला. नंबराला अट लावली आणि जमिनीला अट लावली नाही! काळीत चालतं ते बरडात चालेल का, हे त्या मांडवात कोणीच विचारलं नाही. माझं म्हणणं तेवढंच होतं. तेवढंच त्या टाळ्यांखाली गाडलं गेलं.

टोपी मी घरी आणून खुराड्यात फेकली. कोंबडी तिच्यात अंडी घालायला लागली. त्या टोपीचा तेवढा उपयोग झाला.

संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आले म्हणून मी जावेकडं गेले. पुतण्या चिठ्ठी घेऊन उभा. जाऊ चुलीपुढं.

"माय, दोनशे अठरा बोलला. मी बरडाचाच नंबर मनात धरला होता, थोच परत आला."

"वावर कधी बोलते काय बे?"

"बोललं ना! पुछ मोठीमायले, थे होती तिथी."

मी म्हटलं, "अरे, दोनशे सतरा धरला असता तर तोबी आला असता."

"पण मी सतरा धरला काय? अठराच धरला ना. मंग मले सतरा काऊन नाही सुचला?"

मी पाटी मागितली. दोनशे सतरा करून दाखवला. नऊशे नव्याण्णव करून दाखवला. जावेनं मधेच "पाचशे" म्हटलं, तोही केला. तिला हसू आलं नाही, तेव्हा मला कळलं, तिच्या मनात बैल आहेत. पुतण्यानं सगळं नीट पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे खरंच हाय की मोठीमाय. एकदाबी चुकत नाही. तूच तर म्हणतं ना, आकडा खोटं बोलत नाही."

"आकडा नाही बोलत रे! आकडा काहीच बोलत नाही! बोलणारा थो टोपीवाला होता!"

"तू त्याच्यावर जळतं. तुह्या खेळ त्यानं कर्ण्यावर केला म्हून."

अस्सं बोलला मला. मी पाटी ठेवून दिली. जाऊ चुलीकडं बघतच म्हणाली, "बरडात कापूस घालशीन तर ढोरं काय खातीन?"

"कडबा इकत घेऊ."

"कोनापासून? सारं गाव चिठ्ठी घेऊन आलं ना?"

त्यानं चिठ्ठीची घडी करून खिशात घातली. बरडात बीटी लागला.

खोटं कशाला बोलू, अळी आली नाही. पाकिटावर लिहिलं होतं तसंच झालं, अळी आली नाही. पण त्या बरडाचं दुखणं अळी कधी होतंच कुठं? त्याचं दुखणं पाणी. पहिला पाऊस बरा झाला, पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, कमरेला आली, पुतण्या मिशीतल्या मिशीत हसायला लागला. मग पावसानं तोंड फिरवलं. काळीतल्या पऱ्हाटीनं दम धरला. बरडातली पानं कडेनं लाल व्हायला लागली आणि बघता बघता सगळा पट्टा कुंकू सांडल्यासारखा झाला. लाल्या म्हणतात त्याला. बोंडं धरली ती सुपारीएवढी. अळी आली असती तरी उपाशी मेली असती.

कापसाचं गेलं ते गेलं, एखादं वर्ष असं जातं, शेती करणाऱ्याला ते सोसावंच लागतं. माझा राग त्याच्या पुढचा आहे. पऱ्हाटी चुलीत जाते, ढोराच्या पोटात जात नाही. दिवाळीनंतर जावेच्या गोठ्यात जुना कडबा संपला. गावात कोणाकडंच नव्हता, सगळ्यांच्या वावरांनी होकार दिला होता ना! वरवट बकालपर्यंत पुतण्या गाडी घेऊन फिरून आला, मूठभर कुटार, म्हणजे भुसा, घेऊन. बैलांच्या फासळ्या दिसायला लागल्या. शेवटी चाचाच म्हणाले, "भाभी, दोनों को मारने से अच्छा एक को बचाओ." चाचांनीही स्वतःचा एक बैल नुकताच विकला होता.

जावेनं कोणता विकायचा ते ठरवलं नाही. मुलाला म्हणाली, तू धरशीन थो ने. डावीकडचा गेला. उजवा दोन दिवस वळून वळून डावीकडं बघत हंबरायचा. तिसऱ्या दिवशी मी तिच्या ओट्यावर बसले होते, ती समोर. ती म्हणाली, "बाई, तुमचा आकडा खरा निंघाला. जोडी घातली, आन् एकच परत आला."

ती मला टोचायला बोलली नाही, तिला तो स्वभावच नाही. पण त्या टोपीवाल्यावर मी तेव्हा जेवढी चिडले तेवढी मांडवातही चिडले नव्हते. आम्हा दोघींचं बाभळीखालचं हसणं होतं ते. ते त्यानं नेलं, आणि बदल्यात हे वाक्य ठेवून गेला.

पुढच्या मृगाला जीप पुन्हा आली. मांडव तोच, यंत्रं नवीन. मी गेले नाही. पुतण्या जाऊन आला आणि म्हणाला, यंदा पाऊस चांगला सांगितला आहे, बरडात पुन्हा तेच घालू. जाऊ भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "दोनशे अठरात मी जवारी पेरीन."

"कायनं? एका बैलानं?"

"चाचाचा एक, माह्या एक. बोलली मी त्यायच्यासंग. आधी त्यायचं वावर, मंग आपलं."

"माय, त्यायचा तांबडा हाय, ठेंगणा. आपला ढवळा उंच. जू तिरपं होईन. लोक हासतीन."

"हासू दे. मांगच्या साली टाळ्या वाजोल्या लोकायनं, यंदा हासतीन."

पुतण्या उठून बाहेर गेला. पण पेरणीच्या दिवशी तिफन त्यानंच धरली, तेवढं त्याच्या बाजूनं सांगते. आणि त्या वर्षी कडबा झाला, दोन्ही घरच्या बैलांना पुरला, हेही आताच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला राहील.

पेरणीच्या दिवशी मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले होते. ढवळा उंच, तांबडा ठेंगणा, जू तिरपं, तिफन डावीकडं ओढत होती, चाचा पुढून बैलांना शिव्या देत होते, पुतण्या मागून चाचांना "जरा हळू, चाचा, हळू" म्हणत होता. जाऊ ओटीत बियाणं घेऊन तिफनीमागं बी सोडायचं चाडं धरून चालत होती. माझ्या हातात तुराटीची काडी होतीच. मी मातीत दोनशे अठरा लिहिला. शेजारी पुन्हा दोनशे अठरा लिहायला हात गेला, पण तो आखडला. मी तिथं चाचांचा तीनशे पाच लिहिला. २१८३०५. दिसायला अगदीच बेढब. मी भागायला बसले.

एक ओळ संपवून जाऊ धुऱ्यापाशी आली, घाम पुसत वाकून बघू लागली. तिला अक्षर येत नाही, पण आकडे ओळखते.

"हा तर आपला नाही."

"अर्धा आपला, अर्धा चाचाचा."

"सातानं जाते?"

"नाही जात."

"अकरानं?"

"नाही."

"तेरानं तरी?"

"तेरानंबी नाही वं. कोनालेच दाद देत नाही हा."

तिनं आकड्याकडं पाहिलं, मग तिकडं तिरप्या जुवाखाली उभ्या असलेल्या दोघांकडं पाहिलं.

"मंग ठीक हाय," ती म्हणाली, आणि ओटी सावरून मुलावर ओरडली, "उभा काऊन राह्यला बे? हाण!"